आठवड्याची तीस मिनिटे

केंद्र सरकारचे शालेय दप्तर धोरण २०२० मध्ये आले, तेव्हा बातम्यांत गाजले ते दप्तराचे वजन. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नको, एवढे पालकांच्या लक्षात राहिले. त्याच धोरणाने गृहपाठालाही मर्यादा घातली आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास.

लहान वर्गांसाठी हे माप रोजचे नसून आठवड्याचे आहे, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. तिसरीत मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास असे चार विषय असतात. दोन तास सारखे वाटले तर मराठीच्या वाट्याला अर्धा तास येतो. सात दिवसांत तीस मिनिटे. या प्रकरणात त्या तीस मिनिटांचा हिशेब मांडायचा आहे: त्यात काय द्यावे, काय मुळीच देऊ नये, आणि जे घरी द्यायचे नाही ते वर्गात कसे उरकावे.

उदाहरणाला करमाडचा परिसर घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे टाकून हे गाव लागते. गावाला रेल्वे स्टेशन आहे, आणि भोवतालच्या शिवारात कापूस, मका, तूर, आले आणि मोसंबीच्या बागा. शेती आणि कारखाना इतके जवळ आले की प्राथमिक शाळेच्या एकाच वर्गात फार वेगवेगळ्या घरांतली मुले येतात. कुणाचे आईवडील वेचणीला गेलेले, कुणाचे वडील कंपनीत रात्रपाळीला. कुणी उत्तर भारतातून कामासाठी आलेल्या भाडेकरूचा मुलगा, कुणी तांड्यावर गोरमाटी बोलणारी मुलगी, कुणाच्या घरी दखनी उर्दू. ज्यांच्या घरी मराठीच बोलतात त्यांचीही मराठी पुस्तकातली नसते, मराठवाड्यातली असते. अशा पंचवीस-तीस मुलांना फळ्यावर एक ओळ लिहून सारखाच गृहपाठ द्यायचा म्हटले, तर ती ओळ फार विचार करून लिहावी लागेल.

आपल्याकडे बहुतेक वेळा ती ओळ ठरलेली असते. ‘धडा एकदा लिहून आणा.’ ‘दहा ओळी शुद्धलेखन.’ ‘प्रश्नोत्तरे वहीत उतरवा.’ म्हणजे बघून लिहिणे. अनुलेखन, श्रुतलेखन आणि स्वयंलेखन या लेखनाच्या तीन पायऱ्या डी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असतात, पण घरी जाते ती बहुधा पहिलीच. अनुलेखन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. दुरेघी वहीत अक्षर नीट बसणे, शिरोरेषा सरळ येणे, दोन शब्दांत जागा सोडणे हे सारे त्यानेच जमते, आणि पहिली-दुसरीत ते वर्गात व्हायलाच हवे. पण बघून लिहिणारे मूल वाचत असतेच असे नाही. ते एक अक्षर बघते, एक काढते, पुन्हा वर बघते. पान भरते, वही देखणी दिसते, आणि तेच पान समोर धरून ‘वाच बरं’ म्हटले की पहिल्याच जोडाक्षराला गाडी थांबते. तिसरीच्या मुलाला दीड पानाचा धडा उतरवायला अर्धा तास सहज लागतो. म्हणजे आठवड्याचा सगळा वेळ एका संध्याकाळी संपला, आणि भाषा होती तिथेच राहिली.

ही नुसती एका मास्तराची तक्रार नाही. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा अशा दोन ठिकाणी पहिली ते तिसरीच्या मुलांचे वाचन-लेखन काही वर्षे सलग तपासले. २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला. वर्गातला मोठा वेळ मुळाक्षरे, बाराखडी आणि उतरवून काढणे यांत जातो. वाचलेल्याचा अर्थ, त्यावरचे बोलणे आणि मुलाने मनाने लिहिलेले चार शब्द यांना फार थोडी जागा मिळते, हे त्यांना दोन्हीकडे दिसले. गृहपाठही त्याच साच्यातला दिला तर वर्गात जे राहून गेले ते घरीही राहूनच जाणार.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये गृहपाठावरच्या तिथल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मोठ्या वर्गांत गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध स्पष्ट दिसला. प्राथमिक वर्गांत तो जवळजवळ सापडलाच नाही. आपली शाळा वेगळी, भाषा वेगळी, लिपी वेगळी, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा करमाडला लावता येणार नाही. पण लहान मुलाला जास्त गृहपाठ दिला की ते जास्त शिकते, या समजुतीला निदान पुरावा नाही, एवढे त्यातून नक्की घेता येते.

लिपीचा मुद्दा इथे नीट पाहायला हवा, कारण घरी काय द्यायचे नाही ते त्यावरूनच ठरते. देवनागरीत जसे बोलतो तसे लिहितो, म्हणून ती सोपी, असे आपण अभिमानाने सांगतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. ‘कि’ उच्चारताना आधी ‘क्’ येतो, लिहिताना आधी वेलांटी. ‘सूर्य’ म्हणताना ‘र्’ आधी ऐकू येतो, तो रफार होऊन बसतो पुढच्या ‘य’च्या डोक्यावर. तोच ‘र’ ‘चक्र’मध्ये खाली तिरपा होतो, ‘ट्रक’मध्ये टोपीसारखा लोंबतो, ‘दऱ्या’मध्ये चंद्रकोरीसारखा वळतो. अनुस्वार ‘आंबा’त म्हणजे ‘म्’, ‘चंदन’मध्ये ‘न्’. व्यंजने चाळिशीच्या आत असली तरी प्रत्येकाला बारा स्वरचिन्हे लावली की चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरे वेगळीच. २००९ च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत हक्काची जागा दिली, तेव्हा बाराखडीची चौदाखडी झाली. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. कन्नडची लिपीही अशीच अक्षरांची. सगळ्या अक्षरांवर हात बसायला मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागतो, असे त्यांना आढळले. मराठी मुलाची वाट याहून फार आखूड असेल असे मला वाटत नाही.

मग पहिलीत सगळी बाराखडी ‘झाली’ असे धरून पुढे गेलेल्या वर्गात काय होते, ते ‘असर’च्या आकड्यांत दिसते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या या पाहणीत कार्यकर्ता घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतो: अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१ टक्के. वाढ झाली, आनंद आहे. तरी तिसरीच्या चार मुलांतली जवळजवळ तीन दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, आणि आपण त्या चौघांनाही ‘धडा वाचून पाच प्रश्नांची उत्तरे लिहा’ असे सांगून घरी पाठवतो.

माझे म्हणणे असे की अक्षर, मात्रा आणि जोडाक्षर यांचे काम शाळेतच संपवावे. ते घरी पाठवू नये. मूल ‘कीर्तन’चे ‘किरतन’ लिहिते तेव्हा ते का चुकले हे बघणारा माणूस शेजारी हवा, आणि तो शिक्षकच असू शकतो. श्रुतलेखन म्हणूनच फार गुणाचे काम आहे, मात्र ते परीक्षेसारखे नको. आठवड्यातून दोनदा, सात-आठ शब्द, सगळे त्या आठवड्यात शिकवलेल्या एकाच अडचणीचे: या आठवड्यात रफार, पुढच्या आठवड्यात ‘ऱ्य’. पाटीवर घेतले तर आणखी चांगले, कारण चूक पुसता येते, आणि शिक्षकाला एका फेरीत सगळ्या पाट्या दिसतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी पहिलीच्या वाचनासाठी अक्षरांची वाटणीच वेगळी केली. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत रांगेने न जाता थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा असे गट घ्यायचे, आणि पहिल्या गटापासूनच त्यांतून अर्थाचे शब्द वाचायला लावायचे. मूल पहिल्या महिन्यापासून ‘वाचते’. असा वर्ग असेल तर घरी अक्षरे गिरवायला पाठवण्याची गरजच उरत नाही.

आता ती तीस मिनिटे. शाळेत नाही आणि घरात आहे, असे भाषेतले काय? दोन गोष्टी आहेत. फुरसतीने ऐकणारा एखादा माणूस, आणि न संपणारे बोलणे.

पहिली गोष्ट आधी. पाच मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचे. वर्गात शिकवून झालेलाच परिच्छेद, नवा नको. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी चालते, आणि हे शिक्षकाने पालकसभेत ठासून सांगायला हवे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ७५.९ टक्के होते. आजीच्या पिढीत ते कितीतरी कमी. पण भाकरी थापता थापता ऐकणारी आई गोष्ट कुठे तुटली ते बरोबर पकडते. ‘थांब, मघा तर म्हणाली कोल्हा पळाला, मग आता कोण बोलू राहिलं?’ एवढे तिने विचारले की मूल मागे जाऊन पुन्हा वाचते. अर्थासाठी मागे वळणे हीच वाचनातली सर्वांत मोलाची सवय, आणि ती लावायला अक्षरओळख लागत नाही.

वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतली चित्रपुस्तके पातळीनुसार मिळतात. शाळेच्या प्रिंटरवर दोन पाने काढली तरी वर्गाचा आठवडा निघतो.

वेगाबद्दल एक सावधगिरी. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत असे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य असावे. पण मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होतो. ‘शेतकऱ्याच्या’ हा आपला एक शब्द, हिंदीत तेच सांगायला दोन लागतात. २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन पाहणीत प्रत्येक भाषेसाठी वाचनवेगाची वेगळी पातळी ठरवली ती अशाच कारणांनी. तेव्हा घड्याळ लावून वाचायला लावण्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या एका प्रश्नाचे उत्तर आले का, हे पाहावे.

उरलेला पाव तास मी ‘विचारून ये’ या एका कामाला देईन, आणि माझ्या मते आठवड्याच्या गृहपाठाचा जीव इथे आहे. सोमवारी वर्गात एक प्रश्न ठरवायचा. मुलांनी तो घरी, शेजारी, शेतात, दुकानात विचारायचा. शनिवारपर्यंत मिळालेले उत्तर चार-पाच ओळींत मनाने लिहायचे. प्रश्न असा हवा की उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही.

करमाडच्या परिसरात असे प्रश्न हवे तितके. मोसंबीला ताण देतात म्हणजे काय करतात? बागेचे पाणी तोडतात, झाड थोडे सुकू देतात, पाने पिवळी पडून गळू लागतात, मग खत घालून पाणी सोडले की बागेला एकदम फुले लागतात. हे आजोबांनी सांगायचे आणि आठ वर्षांच्या मुलीने क्रमाने लिहायचे: आधी काय, नंतर काय, का. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हे ‘प्रक्रियेचे वर्णन’ झाले, आणि ते तिला शिकवावेही लागले नाही. आल्याचे बेणे कसे निवडतात? पऱ्हाटी उपटल्यावर तिचे काय होते? वडिलांची पाळी बदलते तेव्हा घरातले जेवणाचे वेळापत्रक कसे बदलते? बिहारहून आलेल्या आईच्या गावी सणाला काय रांधतात? कंपनीच्या गेटवर, एसटीच्या पाटीवर, खताच्या पोत्यावर, दवाखान्याच्या फलकावर तुला वाचता आलेले पाच शब्द कोणते? या शेवटच्या प्रश्नाला तर कुणालाच विचारावे लागत नाही, आणि ज्याला अजून परिच्छेद वाचता येत नाही त्यालाही तो जमतो. एकाच कामात कुणी पाच शब्द आणेल, कुणी दहा ओळी, आणि दोघांचेही काम पूर्ण.

मुलांच्या या ओळी घरच्या बोलीत येतील. ‘आजोबा म्हणे, झाड सुकू राहिलं तरी भ्यायचं नाही.’ ‘मी इचारलं काहून.’ त्या तशाच येऊ द्याव्यात. शिक्षकाच्या लाल पेनाने ‘काहून’वर काट मारली की मुलीला ऐकू येते ते असे: तुझ्या आजोबांचे बोलणे चुकले. पुढच्या शनिवारी ती दोनच ओळी आणेल, दोन्ही पुस्तकी, दोन्ही निर्जीव. प्रमाण मराठी शिकवायची आहेच, ती तिच्या हक्काची आहे आणि पुढे प्रत्येक परीक्षेत लागणार आहे. पण त्याची जागा वर्गात. सोमवारी दोन-तीन मुलांची वाक्ये फळ्यावर घ्यावीत आणि विचारावे, हेच पुस्तकात छापायचे असेल तर कसे लिहू? मुलेच ‘सुकू राहिलं’चे ‘सुकत असले’ करतात. गोरमाटी आणि हिंदी बोलणाऱ्या मुलांनी उत्तर आपल्या भाषेतून आणावे आणि मराठीत सांगायला शेजाऱ्याची मदत घ्यावी. अशा वर्गात मराठी सगळ्यांनाच थोडी परकी आणि थोडी आपली असते, आणि मला ते शिकायला फार चांगले वाटते.

आठवड्याचा गृहपाठ या कल्पनेचा राज्यभर एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. कोविडमध्ये शाळा बंद असताना ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ ही मोहीम चालली. २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली, आणि नोव्हेंबरात राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने व्हॉट्सॲपवरचा ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू केला. दर आठवड्याला मुलाच्या इयत्तेप्रमाणे मराठी आणि गणिताचे प्रश्न फोनवर यायचे, पर्याय निवडला की उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळायचे. ज्यांच्या घरी स्मार्टफोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो त्यांच्यासाठी रोजच्यापेक्षा आठवड्याची मुदत निश्चितच सोयीची. पण पर्याय निवडण्यात मुलाचे स्वतःचे एकही वाक्य लागत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा होती, आणि भाषेसाठी ती मोठी आहे.

आईला कामात घेण्याचेही प्रयोग झाले. बिहारमधल्या पूर्णिया आणि राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यांत ४८० गावांमध्ये रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी तीन वाटा ताडून पाहिल्या: आईला साक्षर करणे, आईला मुलासोबत करायच्या कृती घरी नेऊन देणे, आणि दोन्ही एकत्र. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या गुणांवरचा परिणाम लहान होता, गणितात जास्त स्पष्ट, भाषेत फिका. आईला बसवले की मूल वाचू लागते, इतके ते सरळ नाही. वर्गातली शिकवण कच्ची असेल तर घरचा कोणताही उपाय ती भरून काढत नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानात गावोगाव माता गट उभे राहिले, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवताना हे भान असावे. आईने ऐकावे, विचारावे, सांगावे. शिकवण्याचा भार तिच्यावर टाकू नये.

मराठवाड्यातल्या शाळेला आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. दिवाळीच्या सुमाराला काही घरे ऊसतोडीला निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत परत येत नाहीत. मूल हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहिले तर शाळा चालू राहते; आईवडिलांबरोबर गेले तर फडातच राहते. त्याच्यासोबत उतरवून काढायचे पाच धडे पाठवण्यापेक्षा एक वही आणि दर आठवड्याचा एक प्रश्न पाठवावा. मोळी कशी बांधतात? कोयत्याला धार कोण लावते? हे उत्तर त्या वर्गात त्याच्याशिवाय दुसरे कुणीही लिहू शकणार नाही.

राहिला तपासणीचा प्रश्न, आणि शिक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात: तीस वह्या कधी तपासू? राज्याच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा भार ६० टक्के आहे, आणि त्याच्या साधनांमध्ये तोंडीकाम, उपक्रम आणि ‘स्वाध्याय किंवा वर्गकार्य’ ही नावे स्पष्ट आहेत. म्हणजे हे काम करून वर वेगळी नोंद ठेवायची नाही, हीच नोंद. दर शनिवारी दहाच वह्या नीट वाचाव्यात, बाकीच्यांवर नजर टाकावी, तीन आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. नीट वाचताना आधी मजकुराला उत्तर द्यावे: ‘कोयत्याला रोज किती वेळा धार लावतात?’ असा एखादा प्रश्न समासात लिहावा. मग त्या आठवड्यात वर्गात शिकवलेल्या एकाच प्रकारच्या चुका दाखवाव्यात, रफार शिकवला असेल तर रफारच. बाकी ऱ्हस्व-दीर्घ तसेच राहू द्यावेत, त्यांची पाळी येईल. ज्याने अजून शब्दच आणले आहेत त्याच्या वहीत त्या शब्दांचे एक वाक्य शिक्षकाने लिहून द्यावे आणि त्याला ते वाचून दाखवायला सांगावे.

शनिवारची शाळा सकाळची, अनेक ठिकाणी आता दप्तराविना. त्या दिवशी तीन-चार मुलांनी आपले लिहिलेले मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. मग प्रत्येकाने आपल्या उत्तराचे एक पान सुवाच्य अक्षरात उतरवावे. स्वतःचे वाक्य उतरवताना अनुलेखनालाही अर्थ येतो. जूनपासून दिवाळीपर्यंत सोळा आठवडे धरले तर तीस मुलांच्या वर्गात चारशे ऐंशी पाने होतात. विषयवार लावून, जाड दोऱ्याने शिवून त्यांची पुस्तके करावीत: एक मोसंबीचे, एक कंपनीचे, एक पाट्यांवरच्या शब्दांचे. दुसऱ्या सत्रात ती दुसरीच्या वर्गात वाचायला द्यावीत.